उंबरठ्याखालचा उजेड

मुहर्रकमध्ये रात्री साडेअकराला
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असतं,
विमानं इतकी खालून जातात
की करक चहावर वर्तुळं उठतात,
आणि मी जेवणाच्या टेबलावर
टाऊ मोडत बसलेली असते.

टाऊ म्हणजे इलेक्ट्रॉनचा धिप्पाड थोरला भाऊ.
वजन साडेतीन हजार पट.
आयुष्य: एका सेकंदाचे दहा लाख कोटी तुकडे केले
तर त्यातले तीन याच्या वाट्याला.
बहुतेकदा तो चारचौघांसारखा जातो.
लाखांत दोनदा मात्र
म्यूऑनच्या जोडीला ठेवून जातो
एक इलेक्ट्रॉन, एक पॉझिट्रॉन,
आणि दोन न्यूट्रिनो,
जे येतो म्हणायलाही थांबत नाहीत.

या दोनदांसाठी मी अकरा वर्षांपूर्वी एक वही घातली होती.
मग लग्न, मग ही नोकरी,
नववीला परावर्तनाचे नियम, दहावीला ओहम.
वही माळ्यावर, माळा बेळगावात.
गेल्या उन्हाळ्यात सुनंदने ती बॅगेत
लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळून आणली.
कडेला तेलाचा डाग आहे, समीकरण बारा ते एकोणीस.

राहिली होती फक्त दुरुस्ती.
विद्युतभार असलेला कण सरळ जातच नाही हो,
दारापर्यंत जाऊन
गॅस बंद केला का बघायला परत येणाऱ्या माणसासारखा
तो प्रकाशाचा एक कण सोडतो
आणि कुणी पाहायच्या आत परत घेतो.
या सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली
की उत्तर येतं अनंत.
त्याला उतारा असतो:
खरोखर निसटलेला, पण इतका मंद उजेड
की कुठल्याच यंत्राच्या उंबरठ्यावरून आत येत नाही.
तोही अनंत, उलट्या चिन्हाचा.
दोन्ही मिळवले की फिटायला हवं.

माझं फिटेना.
सप्टेंबरपासून फिटेना.
कामेरकर सर म्हणायचे,
अनंत दिसलं की विश्वाला दोष देऊ नये,
आधी मागचं पान बघावं.
मी मागची सगळी पानं बघितली.

बू राशिदकडे मी त्याच्या नातीला, शेमाला, शिकवायला जाते.
खाली कैसरिया बाजारात त्याचं दुकान,
गिऱ्हाईक महिन्यात एखादं.
त्या दिवशी त्याने पंखा बंद केला, दार लावलं,
श्वास धरून एक मोती तोलला
आणि चवाच्या जुन्या कोष्टकात बोट फिरवलं.
किंमत वजनाच्या वर्गावर चढते, म्हणाला.
मला हसू आलं, आमच्याकडेही वर्गच करतात.
मग सगळ्यात बारीक चाळणीखाली पडलेली
मोहरीहून लहान मोत्यांची कणी
त्याने लाल फडक्यात गोळा केली.
एकेक तोलता येत नाही, म्हणून पुडी तोलायची.
पण थांबला. हात थांबवून
चाळणी उलटी केली, जाळीवर टिचकी मारली.
"हिच्यातही अडकलेले असतात."

जिना चढताना लागलं.
मी म्यूऑनचा मंद उजेड धरला होता,
इलेक्ट्रॉनचा, पॉझिट्रॉनचाही,
एकमेकांशी जुळवून, सगळा.
टाऊचा धरलाच नव्हता.
मोडणारा तो. त्याचं काय उरतं, असं गृहीत धरून
अकरा वर्षांपूर्वी, समीकरण चौदा,
डागाच्या बरोबर खाली.

पहाटे चार वाजता अनंतं फिटली.
उरलं ते शेकड्याला एकसुद्धा नाही, तेही उणे.
एवढ्यासाठी, असं कुणी म्हणेल तर
माझ्याकडे काही उत्तर नाही.
सरांना कळवायला मेल उघडला,
नाव टाइप केलं,
आणि मग आठवलं, फेब्रुवारीत.
तरी मजकूर पुरा केला. पाठवला नाही.

साडेपाचला सुनंद विमानतळाच्या रडारवरून आला.
बूट काढता काढता म्हणाला,
जागीच आहेस, मला जिन्यातूनच कळलं,
दाराखालून उजेड येत होता.

मी म्हटलं, किती?

तो म्हणाला, किती काय?